‘डर्टी’ म्हणजे सगळीकडे ‘घाणेरडा’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाचा मी जुना वाचक आहे आणि नोकरीचा बहुतेक काळ इंग्रजी मजकूर मराठीत आणण्याच्या कामात घालवला आहे. गेल्या काही आठवड्यांत आपल्या अंकात तीन निरनिराळ्या पानांवर तीन शब्दप्रयोग वाचले : आंतरराष्ट्रीय पानावर ‘घाणेरडा बॉम्ब’, अर्थविषयक पानावर कर्जरोख्याची ‘गलिच्छ किंमत’ आणि क्रीडा पानावर मोटारशर्यतीच्या बातमीत ‘घाणेरडी हवा’. तिन्ही ठिकाणी मूळ इंग्रजीत ‘डर्टी’ हा एकच शब्द असणार, हे उघड आहे. आणि तिन्ही ठिकाणी मराठीत जे उतरले आहे, त्यातून बातमीचा अर्थ लागत नाही किंवा लागला तर भलताच लागतो. रात्री उशिरा हाती आलेला वृत्तसंस्थेचा मजकूर घेऊन पान लावणाऱ्या उपसंपादकाला एका विशेषणापाशी अडून बसायला सवड नसते, हे मी जाणतो. तरीही हा शब्द बातम्यांत इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या अर्थांनी येतो की, त्याच्याविषयी एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

आधी आपल्या शब्दाविषयी. ‘घाण’ या शब्दाचे नाते नाकाशी आहे. संस्कृतातल्या ‘घ्राण’शी तो जोडलेला आहे, आणि आजही आपण ‘घाण येते’ असे म्हणतो तेव्हा डोळ्यांना काही दिसलेले नसते, वास आलेला असतो. म्हणून ‘घाणेरडा’ म्हटले की ऐकणाऱ्याचे नाक मुरडतेच. त्या शब्दात किळस आहे, निषेध आहे, आणि माणसाला उद्देशून वापरला तर तो शिवीच्या जवळ जातो. इंग्रजी ‘डर्टी’चा जन्मही काही फार चांगल्या घरात झालेला नाही. जुन्या नॉर्स भाषेत ‘द्रित’ म्हणजे विष्ठा. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचे ‘ड्रिट’ झाले आणि पुढे ‘र’ आणि ‘इ’ यांनी आपापसांत जागा बदलल्यावर ‘डर्ट’ झाले. (‘ब्रिड’चे ‘बर्ड’ असेच झाले आहे, आणि ‘नुकसान’चे ‘नुसकान’ करणाऱ्या आपल्याला यात नवल वाटायला नको.) मात्र त्यानंतर हा शब्द विष्ठेवरून चिखलावर, चिखलावरून मातीवर, मातीवरून धुळीवर आणि डागावर सरकत गेला आणि वाटेत त्याचा वास बराचसा उडून गेला. आज तो मुख्यतः डोळ्यांनी पाहायचा शब्द आहे आणि पुष्कळदा तेवढाही नाही. नाकाच्या शब्दाने त्याचे भाषांतर केले की, मुळात नसलेली दुर्गंधी मराठी बातमीला येते.

रोजच्या व्यवहारात आपण इथे मुळीच चुकत नाही, कारण तिथे आपण भाषांतर करतच नाही. कपडे मळलेले असतात, भांडी खरकटी असतात, पाणी गढूळ असते, काच धूळकट असते, भिंत कळकट असते, पाय चिखलाने बरबटलेले असतात, आणि शेकडो हातांनी धरलेली दाराची मूठ मेणचट झालेली असते. इंग्रजीतही असे बारकावे दाखवणारे शब्द आहेत, पण बोलणारा माणूस या सगळ्यांना ‘डर्टी’ म्हणून मोकळा होऊ शकतो आणि त्याचे काम भागते. आपले तसे भागत नाही. खरकट्या भांड्याला कुणी मळके म्हटले तर लहान मूलसुद्धा हसेल. (‘मेणचट’ला चपखल इंग्रजी शब्द मला अजून सापडलेला नाही, हे जाता जाता सांगून टाकतो.) एवढी नेमकी जाण असलेली भाषा बातमीत आली की एका ‘घाणेरड्या’वर का येऊन थांबते, हा माझा प्रश्न आहे.

या चुकीची किंमत काय असते, ते मी एकदा अगदी जवळून पाहिले आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी मी ज्या कार्यालयात होतो, तिथे एका अंतर्गत तक्रारीची कागदपत्रे मराठीत करण्यासाठी आमच्याकडे आली होती. एका कर्मचारी बाईंनी इंग्रजीत लिहिलेल्या जबाबात असे वाक्य होते की, बैठकीत त्यांनी आकड्यांमधली चूक दाखवून दिली तेव्हा वरिष्ठांनी त्यांच्याकडे ‘डर्टी लुक’ टाकला. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने त्याचे ‘वरिष्ठांनी माझ्याकडे घाणेरड्या नजरेने पाहिले’ असे सरळ भाषांतर केले. शब्दाला शब्द जुळत होता, व्याकरण निर्दोष होते, म्हणून तपासताना माझीही नजर त्यावरून पुढे गेली. इंग्रजीत ‘डर्टी लुक’ म्हणजे रागाची, नापसंतीची, ‘खाऊ का गिळू’ अशी नजर. त्यात वासनेचा लवलेश नसतो. मराठीत मात्र ‘घाणेरडी नजर’ याचा दुसरा अर्थच नाही. एका विशेषणामुळे हिशेबावरून झालेल्या कुरबुरीचे विनयभंगाच्या आरोपात रूपांतर झाले होते आणि मजकूर टंकलिखित होऊन स्वाक्षरीसाठी बाईंकडे गेलाही होता. त्यांनी तो आमच्याकडे परत आणला, ‘हे मी कधी म्हटले?’ एवढेच विचारले आणि कागद टेबलावर ठेवला. त्या दोन शब्दांखाली त्यांनी पेन्सिलीने मारलेली रेघ इतकी दाबून मारलेली होती की, ती खालच्या कोऱ्या कागदावरही उमटली होती. आम्ही तिथे ‘डोळे वटारून पाहिले’ असे घातले. त्या दिवसापासून ‘डर्टी’ दिसला की माझा हात थबकतो.

उलट दिशेनेही हे तितकेच खरे आहे. एखादी बाई मराठीत ‘घाणेरड्या नजरेने पाहतो’ अशी तक्रार करते, तेव्हा तिचे इंग्रजीत ‘डर्टी लुक’ केले तर तिची तक्रार पार बोथट होऊन जाते. वाचणाऱ्याला वाटते, साहेब तिच्यावर रागावले असतील. हातांचेही असेच आहे. इंग्रजीत एखाद्या अधिकाऱ्याने ‘आपले हात डर्टी करून घेतले’ असे कौतुकाने म्हटले जाते आणि त्याचा अर्थ असतो की, तो खुर्चीत बसून हुकूम सोडत राहिला नाही, स्वतः कामाला भिडला. हेच वाक्य ‘त्यांनी आपले हात बरबटवून घेतले’ असे छापले तर तो अधिकारी लाचखोर ठरतो. शिवाय इंग्रजीत हाच प्रयोग दुसऱ्या संदर्भात खरोखरच गैरकृत्यासाठीही येतो, त्यामुळे पुढचे-मागचे वाचल्याखेरीज गत्यंतर नसते.

आता बॉम्बविषयी, कारण तिन्ही चुकांत ती सर्वांत गंभीर आहे. ज्याला ‘डर्टी बॉम्ब’ म्हणतात, तो अणुबॉम्ब नव्हे. त्यात साधी स्फोटके असतात आणि त्यांच्यासोबत रुग्णालयांत किंवा उद्योगांत वापरला जातो तसा एखादा किरणोत्सारी पदार्थ ठेवलेला असतो. अणूचे विखंडन होत नाही, फक्त स्फोटाच्या जोराने तो पदार्थ आसपास फेकला जातो. स्फोटाने होणारी हानी साध्या बॉम्बइतकीच असते, पण परिसर दूषित होतो, लोक घाबरतात आणि तो भाग पुन्हा वापरण्याजोगा करण्यासाठी प्रचंड खर्च आणि वेळ लागतो. ‘डर्टी’ याचा इथला अर्थ ‘दूषित करणारा’ असा आहे. ‘घाणेरडा बॉम्ब’ वाचून मात्र वाचकाला एक तर विषारी सांडपाण्याचे काहीतरी डोळ्यांसमोर येते किंवा हा बॉम्ब इतर बॉम्बांपेक्षा नीच प्रकारचा आहे, असे वाटते. ऑक्टोबर २०२२ मध्ये युक्रेन असा बॉम्ब बनवत असल्याचा आरोप रशियाने केला आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांना तपासणीत तसे काही आढळले नाही, त्या वेळी हा शब्द जगभरच्या मथळ्यांत होता. अशा वेळी वाचकाला अणुबॉम्ब आणि हा बॉम्ब यांतला फरक शब्दावरूनच थोडासा तरी कळायला हवा.

असा पदार्थ पसरला तर काय होते, हे बॉम्बशिवायच एकदा दिसून आले आहे. सप्टेंबर १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया शहरात एका सोडून दिलेल्या दवाखान्यातले किरणोपचाराचे यंत्र भंगार म्हणून उचलले गेले. त्यात सीझियम-१३७ होते. अंधारात निळसर चमकणारी ती पूड लोकांनी कुतूहलाने घरोघर नेली, अंगाला लावली. चौघांचा मृत्यू झाला, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. एक लाखाहून अधिक लोकांना तपासावे लागले आणि सुमारे अडीचशे जण दूषित झालेले आढळले. ती पूड दिसायला सुंदर होती, तिला वास नव्हता. ‘घाणेरडे’ या शब्दाने मराठी माणसाच्या मनात जे जे उभे राहते, त्यातले काहीही तिच्यात नव्हते.

या शब्दाला त्याहून जुना इतिहासही आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर जी हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, ती अपेक्षेपेक्षा अडीचपट शक्तिशाली, म्हणजे १५ मेगाटनांची निघाली आणि तिची किरणोत्सारी राख ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवरच्या २३ जणांच्या अंगावर पडली. यानंतरच्या काळात अण्वस्त्रांतच ‘क्लीन’ आणि ‘डर्टी’ असा भेद जाहीरपणे होऊ लागला : ज्याच्या स्फोटातून किरणोत्सारी राख कमी पडते तो ‘क्लीन’, जास्त पडते तो ‘डर्टी’. म्हणजे शहर बेचिराख करणारा बॉम्बसुद्धा स्वच्छ ठरू शकत होता! इथे खरा आक्षेपार्ह शब्द ‘डर्टी’ नसून ‘क्लीन’ आहे, आणि या साऱ्या गुंत्याची किल्लीही त्याच शब्दात आहे.

कारण असे की, तांत्रिक परिभाषेत ‘डर्टी’ला स्वतःचा अर्थ जवळजवळ नसतोच. त्या त्या क्षेत्रातल्या लोकांनी आधी एका गोष्टीला ‘क्लीन’ म्हटलेले असते आणि जे तसे नाही ते आपोआप ‘डर्टी’ होते. म्हणून भाषांतर करणाऱ्याने ‘डर्टी’पाशी थांबून उपयोग नाही, या धंद्यात ‘क्लीन’ कशाला म्हणतात, हे आधी विचारावे लागते.

कर्जरोख्याची किंमत घ्या. १०० दर्शनी मूल्याच्या एका रोख्यावर वर्षाला ८ टक्के व्याज आहे आणि ते दर सहा महिन्यांनी मिळते असे धरू. मागचे व्याज मिळून तीन महिने झाले असताना कुणी तो रोखा विकला, तर त्या तीन महिन्यांचे २ इतके व्याज विकणाऱ्याचे असते, पण ते पुढच्या तारखेला मिळणार खरेदीदाराला. म्हणून बाजारात भाव ९८ असा सांगितला गेला, तरी खरेदीदार प्रत्यक्षात १०० मोजतो. ते ९८ म्हणजे ‘क्लीन’ किंमत आणि १०० म्हणजे ‘डर्टी’ किंमत. यात गलिच्छ काय आहे? उलट प्रत्यक्ष हातातून हातात जाणारी रक्कम हीच आहे, आणि व्याज साचत जाते तशी ती रोज थोडी वाढते, म्हणून भावांची तुलना करण्यासाठी ती सोयीची नसते, इतकेच. ‘सव्याज किंमत’ आणि ‘व्याजाविना किंमत’ असे म्हटले की कुणालाही कळते. (‘निर्व्याज किंमत’ हा शब्द मला फार आवडला असता, पण तो शब्द आपण प्रेमासाठी राखून ठेवला आहे.)

विमान उतरताना चाके खाली येतात, पंखांच्या कडेचे फ्लॅप बाहेर पडतात आणि हवेचा विरोध वाढतो. वैमानिक या स्थितीला ‘डर्टी’ म्हणतात आणि सगळे आत घेतलेल्या सुबक स्थितीला ‘क्लीन’. हे वाचून कुणी ‘अस्वच्छ विमान’ असे लिहिले तर विमान कंपनी नोटीस पाठवील. क्रीडा पानावरची ‘घाणेरडी हवा’ याच घराण्यातली. वेगाने धावणाऱ्या शर्यतीच्या मोटारीमागे हवा घुसळली जाते. मागून येणाऱ्या मोटारीला जमिनीकडे दाबून धरण्यासाठी जो सलग प्रवाह लागतो, तो या हवेत मिळत नाही आणि वळणावर तिची पकड सुटते. फॉर्म्युला वनने २०२२ पासून मोटारींच्या रचनेचे नियम बदलले, त्यामागे ही अडचण कमी करून मागच्या मोटारीला पुढे जाण्याची संधी द्यावी, हा एक प्रमुख हेतू होता. आपल्या बातमीत मात्र हा सगळा मामला प्रदूषणाचा असल्यासारखा वाचला गेला. ‘घुसळलेली हवा’ म्हटले असते तर वाचकाला चित्रच दिसले असते.

तेलवाहू जहाजांत कच्चे आणि जड इंधन तेल नेणारी जहाजे ‘डर्टी’ आणि शुद्ध केलेले पेट्रोल, डिझेल किंवा विमानाचे इंधन नेणारी ‘क्लीन’ म्हणवली जातात. लंडनच्या बाल्टिक एक्स्चेंजचे या दोहोंच्या भाड्याचे निर्देशांकही वेगवेगळे आहेत. मध्यवर्ती बँक मधूनमधून हस्तक्षेप करते तो चलनाचा विनिमय दर ‘डर्टी फ्लोट’ ठरतो. संगणकाच्या स्मृतीत बदललेले, पण अजून डिस्कवर न उतरवलेले पान ‘डर्टी’ असते. म्हणजे आपण नुकताच लिहिलेला, सर्वांत ताजा मजकूर ‘डर्टी’ आणि डिस्कवरचा शिळा मजकूर निर्मळ! संगणकवाल्यांचीच आणखी एक गंमत अशी की, ऑक्टोबर २०१६ मध्ये लिनक्स प्रणालीतली ‘डर्टी काऊ’ नावाची एक सुरक्षात्रुटी उजेडात आली. त्यातला ‘काऊ’ हा ‘कॉपी ऑन राइट’ या तंत्राच्या आद्याक्षरांचा शब्द होता, पण तिचे बोधचिन्ह मात्र गाय होते. या नावाचे भाषांतर करण्याचा मोह ज्याने टाळला, त्याला मी चांगला अनुवादक म्हणेन.

काही ठिकाणी ‘डर्टी’ म्हणजे केवळ ‘माती मिसळलेला’. धूमकेतूचे केंद्रक हे बर्फ आणि धूळ-खडक यांचे मिश्रण असते, ही कल्पना अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी १९५० मध्ये मांडली आणि ती ‘डर्टी स्नोबॉल’ या नावाने प्रसिद्ध झाली. पुढे मार्च १९८६ मध्ये जोत्तो हे यान हॅलेच्या धूमकेतूजवळून गेले, तेव्हा त्याचे केंद्रक अंगावर पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम चार टक्के भाग परावर्तित करणारे, कोळशासारखे काळे निघाले. याला ‘घाणेरडा बर्फाचा गोळा’ म्हणण्याचे कारण नाही. ‘मातकट’ हा शब्द आपल्याकडे तयार आहे आणि तो रंगासकट सगळे सांगतो. अमेरिकेत आणि कॅनडात १९३० च्या दशकाला ‘डर्टी थर्टीज’ म्हणतात. गवताळ माळ नांगरून काढलेले, त्यावर वर्षानुवर्षे अवर्षण, आणि मग वाऱ्याबरोबर उडून गेलेली शेतांची वरची माती; १४ एप्रिल १९३५ चे धुळीचे वादळ असे होते की, त्या दिवसाला ‘काळा रविवार’ हे नाव पडले. ते ‘धुळीचे दशक’ होते. ‘घाणेरडी तिशी’ असे कुठे छापून आले तर वाचकाला ते एखाद्या वयाचे वर्णन वाटेल. अमेरिकी इंग्रजीत ‘डर्ट’ म्हणजे सरळ मातीच, हे लक्षात असले की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात : त्यांचा ‘डर्ट रोड’ हा आपला कच्चा रस्ता आणि ‘डर्ट चीप’ हे आपले मातीमोल, तेही नवे काही न बनवता.

‘गलिच्छ’ या शब्दाशी माझे वैर नाही. जिथे निषेधच अभिप्रेत आहे, तिथे तो वापरायलाच हवा. वॉटरगेट प्रकरणात ‘डर्टी ट्रिक्स’ हा शब्द गाजला तो निवडणुकीतल्या गलिच्छ डावपेचांसाठी, आणि हे पत्र संपादकांच्या नावे असल्यामुळे त्यातला एक प्रकार सांगितल्याशिवाय राहवत नाही. २४ फेब्रुवारी १९७२ रोजी ‘मँचेस्टर युनियन लीडर’ या अमेरिकी दैनिकात संपादकांच्या नावे आलेले एक पत्र छापले गेले. अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे असलेले सेनेटर एडमंड मस्की यांच्यासमोर फ्रेंच-कॅनडियन वंशाच्या लोकांविषयी अपमानास्पद शब्द उच्चारला गेला आणि त्यांना तो खपला, असे त्यात म्हटले होते. पत्र बनावट होते. प्राथमिक निवडणूक दोन आठवड्यांवर आली होती आणि मस्की त्यातून सावरले नाहीत. वाचकांचा पत्रव्यवहार हा वृत्तपत्राचा निरुपद्रवी कोपरा आहे, असे समजणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

अर्जेंटिनातील १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीच्या काळाला इंग्रजीत ‘डर्टी वॉर’ म्हणतात आणि आपण ‘गलिच्छ युद्ध’ म्हणतो. इथे मला विशेषणापेक्षा नामाची अडचण वाटते. आपल्या कृत्यांना ‘युद्ध’ हे नाव मिळावे अशी लष्कराचीच इच्छा होती, कारण युद्ध म्हटले की दोन बाजू आल्या आणि त्यात थोडे ‘गलिच्छ’ घडणे क्षम्य ठरते. लोकशाही परतल्यावर नेमलेल्या आयोगाने नाहीशा केलेल्या ८,९६१ जणांची नोंद केली. मानवाधिकार संघटना हा आकडा ३०,००० सांगतात. घरातून आणि रस्त्यातून उचलून नेलेल्या माणसांशी कुणी युद्ध करत नाही, म्हणून त्या देशातले अनेक जण ‘राज्यदहशतवाद’ हा शब्द पसंत करतात. बातमीत ‘तथाकथित’ हा एक शब्द जोडला, तरी पुष्कळ भरपाई होईल.

‘डर्टी मनी’चे आपल्याकडे सरसकट ‘काळा पैसा’ होते, तेही बरोबर नाही. काळा पैसा म्हणजे कर चुकवून लपवलेला पैसा. तो मिळवण्याचा मार्ग कधीकधी अगदी सरळ, म्हणजे दुकानदारीचा किंवा वकिलीचाही असतो. ‘डर्टी मनी’ म्हणजे मुळातच गुन्ह्यातून, म्हणजे अमली पदार्थ, खंडणी, लाच यांतून आलेला पैसा. तो धुऊन काढण्यासाठी गुन्हेगार एखादा नावापुरता धंदा काढतात आणि त्यावर खुशीने कर भरतात, कारण कराची पावती हेच त्यांना हवे असलेले प्रमाणपत्र असते. एकात कर चुकवायचा असतो, दुसऱ्यात भरून दाखवायचा असतो. या प्रकाराला आळा घालण्यासाठी १९८९ मध्ये पॅरिसमधल्या जी-७ परिषदेत वित्तीय कृती दल (एफएटीएफ) स्थापन झाले. त्याच्याविषयीच्या बातम्यांत तरी ‘गुन्ह्याचा पैसा’ असे लिहावे.

अश्लीलतेच्या अर्थाविषयी फार लिहीत नाही. तिथे मराठी समर्थ आहे. फक्त ‘डर्टी जोक’ दिसला की थेट ‘अश्लील विनोद’ लिहिण्याची घाई नको. चावट, वात्रट, वाह्यात, अचकटविचकट आणि मग अश्लील, अशी आपल्याकडे पायऱ्यांची उतरण आहे, आणि ‘अश्लील’ या शेवटच्या पायरीवर कायदा उभा असतो. चावट विनोद सांगणाऱ्या माणसाला त्या पायरीवर नेऊन बसवणे अन्यायाचे आहे.

माझी विनंती एवढीच आहे. बातमीत ‘डर्टी’ आला आणि ‘क्लीन’ काय ते कळत नसेल, तर तो शब्द देवनागरीत तसाच ठेवावा आणि पुढे अर्ध्या ओळीत खुलासा करावा. ‘डर्टी बॉम्ब, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ पसरवणारा साधा बॉम्ब’ एवढे पुरते. मथळ्यासाठी लहान शब्द हवा असल्यास ‘दूषक बॉम्ब’ सुचवतो. त्याहून चांगला शब्द एखाद्या वाचकाला सुचला, तर तो याच स्तंभात वाचायला मला आवडेल.

कळावे,
आपला,
एक निवृत्त अनुवादक

ता. क. : हे पत्र लिहून झाल्यावर पडताळा घ्यावा म्हणून कामावर असतानाची शब्दांची वही काढली. ‘डर्टी फ्लोट’समोर माझ्याच अक्षरात, ठसठशीत शाईने, ‘मलिन तरंगणे’ असे लिहिलेले सापडले. ते आज खोडून ‘नियंत्रित विनिमय दर’ असे लिहिले आहे.